मास्तरांनी म्हातारी केलेली लादी

मी एक लादी बोलतेय. आवाज खालून येतोय, तेव्हा ऐकायचं असेल तर जरा वाकावं लागेल. गुडघे कुरकुरत असतील तर खुशाल बसून घ्या. मला घाई नाही. भाजक्या मातीला कशाचीच घाई नसते.

एक कबुली आधीच देऊन टाकते, मागाहून तक्रार नको. मला थापा मारायची सवय आहे. ज्या घरात मी लागले त्या घरचा धनी अट्टल थापाड्या, आणि आमची जात अशी की वर जे सांडेल ते आत मुरतं. तेल सांडलं तर तेल, चहा सांडला तर चहा, थापा सांडल्या तर थापा. तेव्हा मी सांगेन त्यातलं थोडं झटकून घेत चला. फक्त एका सकाळची गोष्ट येईल, तिथे काही झटकू नका. ती जशीच्या तशी आहे.

मी मूळची एका खाणीतली. तिथली माती इतकी लाल, की पांढरी गाय खाणीच्या या काठाने आत शिरली तर त्या काठाने तांबडी होऊन निघायची आणि मालकाला ओळखू यायची नाही. ही माती तुडवायला भट्टीवर एक बाई होती. तिच्या तळव्यांना डोळे होते म्हणा ना. गुडघाभर चिखलात मोहरीएवढा खडा असला तरी ती थबकायची, अंगठ्याने तो वर काढायची आणि म्हणायची, 'हा बघा, लबाड! लपून बसला होता.' खडा राहून गेला की लादी भट्टीत फुटते. मी आज एकसंध आहे ती तिच्या तळव्यांमुळे.

मग साचा, मग ऊन, मग भट्टी. भट्टीची धग काय सांगू! वरून एखादा ढग जायला लागला तर भट्टीवाला खालून ओरडायचा, 'बाजूने जा रे बाबा, उकडशील!' तीन दिवस आम्ही आत होतो. पहिल्या दिवशी फार दुखलं. दुसऱ्या दिवशी थोडं. तिसऱ्या दिवशी काही वाटेनासं झालं. चौथ्या दिवशी बाहेर काढून भट्टीवाल्याने बोटाच्या पेराने टकटक केलं आणि म्हणाला, 'पक्की झाली.'

पक्कं होणं म्हणजे काय ते मला असं कळलं. त्यानंतर मला कधीच काही वाटलेलं नाही. जे पडतं ते मी पिते, लक्षात ठेवते, पण वाटत मात्र नाही. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. पुढचं समजावं म्हणून सांगतेय.

दुकानात मला टेराकोटा म्हणू लागले. नाव जड झालं की गिऱ्हाईक हात लावताना जपतं. मी भिंतीला टेकून उभी होते, तेव्हा पडदेमास्तर आले.

पडदेमास्तर म्हणजे नाटक कंपनीचे पडदे आणि देखावे रंगवणारे गृहस्थ. चाळीस वर्षं त्यांनी पुठ्ठ्याचे राजवाडे, प्लायवूडचे डोंगर आणि चादरींचे समुद्र केले. दुकानदाराला त्यांनी पहिल्याच दमात सांगितलं, 'मी एकदा पडद्यावर विहीर रंगवली होती. एका नटाची बादली पडली तिच्यात. अजून सापडली नाही.' दुकानदार हसला. मास्तर हसले नाहीत. थाप मारताना ते कधी हसत नसत.

मग त्यांनी खरं काम सांगितलं. वीस वर्षांपूर्वी एका नाटकासाठी त्यांनी भूमध्य समुद्राकाठचं घर उभं केलं होतं. चुन्याच्या पांढऱ्या भिंती, निळी दारं, गोल कमानी, खाली लाल लाद्या, पायरीवर मातीच्या कुंड्या. नाटक तिसऱ्याच प्रयोगाला झोपलं. पण कंपनीचे कपडे शिवणाऱ्या काकी, म्हणजे मास्तरांची बायको, दुपारभर त्या घराच्या पायरीवर बसून बटणं लावायच्या. एकदा म्हणाल्या, 'अहो, हे खरंखुरं असतं ना, तर मी उठलेच नसते इथून.' मास्तरांनी तिथल्या तिथे शब्द दिला. मग वीस वर्षं ते दुसऱ्यांची घरं रंगवत राहिले.

आता शब्द आठवायचं कारण असं, की त्या हिवाळ्यात काकींना ताप आला होता. ताप उतरला, पण जाताना घोट्याखालचं सगळं घेऊन गेला. पाय होते तसेच होते; त्यांना काही कळत नव्हतं. गार लागत नव्हतं, गरम लागत नव्हतं, टोचलेलं टोचत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, 'शिरा बधिर झाल्यात. कदाचित सुधारतील, कदाचित नाही. चालता येईल, पण खाली बघून. आणि चप्पल कायम पायात.' शिलाई मशिनच्या पायट्यावर पाय आहे की नाही हेच काकींना कळेना. त्यांनी मशिनवर चादर घातली आणि खिडकीशेजारच्या खुर्चीत बसल्या.

बधिरपणा मग वर चढला. गुडघ्यात नाही, कमरेत नाही; बोलण्यात.

'जेवायला काय करू?'

'काहीही.'

'खिडकी उघडू का?'

'उघडा.'

'वारा लागतोय का? लावू?'

'लावा.'

काकींची थोरली बहीण, म्हणजे मास्तरांची आकडसासू, फोनवर हे ऐकून होती. त्या घरात तिला सगळे ताई म्हणत, आणि ताईंना आडवळणाने बोलणं ठाऊक नव्हतं. 'मेहुणे, एक तारखेला मी येतेय. ती खुर्चीपासून ओट्यापर्यंत आपली आपण जाऊन आली, तर राहू दे तुमच्याकडे. नाही तर मी तिला घेऊन जाते. तुम्ही बसा भिंती रंगवत.'

मास्तरांकडे पाच आठवडे होते. दुसऱ्या कुणी काठी आणली असती, कठडे बसवले असते. मास्तरांनी भूमध्य समुद्र आणायचा ठरवला. त्यांचा हिशेब सरळ होता: ते घर दिसलं की ती उठेल.

लाद्या बसवायला जो मिस्त्री आला, तो पाणसळ हातातून खाली ठेवत नसे. चहाचा कपसुद्धा आधी सपाटीत आहे का बघून मग उचलायचा. चार दिवसांत त्याने आम्हाला अशा बसवल्या की खोलीत गोटी ठेवली तरी तिला कुठे जावं ते सुचलं नसतं. मग तो म्हणाला, 'मास्तर, आता वरून सीलरचे दोन हात मारतो.'

'चकाकेल?'

'थोडं चकाकणारच.'

'मग नको. दिव्याखाली चकाकी उठते. पहिल्या रांगेतल्या माणसाला लगेच कळतं, हे आत्ताच केलंय.'

'पहिली रांग? तुमच्या घरात?'

'दारातून आत येतो ना माणूस, ती पहिली रांग.'

'अहो, पण ही माती प्यायला बसलीय. सांडलेलं तुम्हाला दिसायच्या आत गिळून टाकेल.'

'पिऊ दे. कुणाची तहान मोडू नये,' मास्तर म्हणाले आणि हातोडी घेऊन गुडघ्यांवर बसले.

नव्या वस्तूला म्हातारी करणं हा मास्तरांचा हातखंडा होता. कोऱ्या खुर्चीला अर्ध्या तासात तीन पिढ्यांची करायचे. प्रेक्षकांना वस्तू नवी दिसली की घर खोटं वाटतं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. त्यांनी आमच्या कडांवर हातोडी चालवायला सुरुवात केली. इथे एक टवका, तिथे दोन.

मिस्त्री बघत राहिला. 'मी आयुष्यभर कोपरे वाचवले हो. आणि तुम्ही फोडताय?'

'शंभर वर्षं माणसं चाललीयत इथून, असं वाटलं पाहिजे.'

माझी पाळी आली. दोन घाव वाया गेले. तिसऱ्याला माझा एक कोपरा कापलेल्या नखासारखा उडाला आणि मागे काचेसारखी धार राहिली. मास्तरांनी मान तिरकी करून लांबून पाहिलं. लांबूनच. 'वा! ही झाली पाऊणशे वर्षांची.' मी तेव्हा दीड महिन्याची होते.

घर झालं. भिंतींना चुना, दारांना निळा रंग. जिथे खरी खिडकी काढता येत नव्हती तिथे मास्तरांनी कमान रंगवली आणि कमानीत समुद्र. मग काकींची खुर्ची दोन्ही हातांनी फिरवून म्हणाले, 'कसं वाटतंय?'

'छान आहे.' डॉक्टरांना 'बरं आहे' म्हणतात तसं त्या म्हणाल्या.

'कान देऊन ऐक. लाटांचा आवाज येतोय.'

'फ्रिजचा येतोय.'

मास्तर दिवसभर खूश होते. टोमणा म्हणजे सुधारणाच की.

दुसऱ्या दिवसापासून काकी चालायचा सराव करू लागल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मास्तरांनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, 'ताईकडे सकाळी सहाला रेडिओ लागतो. मोठ्याने.' खुर्चीपासून ओट्यापर्यंत आम्ही अकरा लाद्या. मी सातवी. पायात पट्ट्याची चप्पल, एक हात भिंतीला, नजर खाली. लादी मोजायची, पाऊल ठेवायचं, पाऊल ठेवलं गेलंय का ते डोळ्यांनी बघायचं, मग पुढची. पहिल्या आठवड्यात तीन लाद्या. नंतर सहा. मग एकदा अकरा, पण मास्तरांचा खांदा धरून. चेहऱ्यावर काही नाही. पोस्टात रांगेत उभं राहिल्यासारख्या चालायच्या.

आता ती सकाळ.

ताई बॅग घेऊन आल्या. रिकामी बॅग, काकींचे कपडे भरायला आणलेली. दारात थांबून त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. 'मेहुणे, घर केलंय की हॉटेल?'

'तुम्ही आलात म्हणजे हॉटेलच समजायचं.'

'जीभ तेवढी शाबूत आहे तुमची.' ताई बसल्या, बॅग पायाशी ठेवली. 'ऊठ गं. मला पाचची गाडी आहे. एकटी, की माझ्याबरोबर, ते मला कळू दे.'

काकी उठल्या. पहिलं पाऊल टाकताना डाव्या चपलेचा पट्टा सुटला आणि चप्पल खुर्चीच्या पायाशी राहून गेली. काकींना कळलं नाही. कळणार कसं? ज्या पायाला चप्पल असलेली कळत नाही त्याला नसलेलीही कळत नाही. मास्तर आणि ताई त्यांच्या तोंडाकडे बघत होते. काकी त्या दिवशी भिंत न धरता चालत होत्या, त्यामुळे पावलांकडे नाही, पुढच्या लादीकडे बघत होत्या. चप्पल फक्त मला दिसली.

एक. दोन. तीन. मास्तरांचे ओठ हलत होते. पाच. सहा. सातव्या लादीवर, म्हणजे माझ्यावर, त्यांचा तोल जरा गेला. तो सावरायला त्यांनी सगळा भार डाव्या पायावर घेतला आणि थांबल्या. पाय नेमका माझ्या उडालेल्या कोपऱ्यावर.

धार आत गेली. खोल गेली. मला काही वाटलं नाही. त्यांनाही नाही. आम्ही दोघी एकमेकींना टेकून उभ्या होतो, आणि दोघींपैकी कुणी हूं की चूं केलं नाही. रक्त आलं आणि मी ते प्यायले. इच्छा असण्या-नसण्याचा प्रश्नच नव्हता. माझं अंग तसं आहे.

मग त्या पुढे निघाल्या. आठवी प्यायली, नववी प्यायली, दहावी, अकरावी. लाल मातीवर लाल. वर कोरड्या ठणठणीत. पाऊल पडायचं, उठायचं, आणि जागेवर काही नसायचं.

काकी ओट्याला टेकल्या. नुसत्या टेकल्या नाहीत. फुशारकी म्हणून पेलाभर पाणी भरून घेतलं. ते पीत पीत परत आल्या. पुन्हा माझ्यावरून. खुर्चीत बसून पेला खिडकीत ठेवला आणि म्हणाल्या, 'आले.'

ताईंनी डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं केलं. 'आलीस खरी. ठीक आहे. मी एकटीच जाते पाचला.'

मास्तरांना काय करू नि काय नको झालं. त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर धुतलेला पांढरा टॉवेल घातला आणि आनंदाच्या भरात, एक चप्पल नाही हेही न बघता, राणीचे उचलावेत तसे काकींचे पाय उचलून वर ठेवले. 'मी सांगतो ताई, मी एकदा असाच एका पुतळ्याला चालवला होता...'

'मेहुणे,' ताई म्हणाल्या, 'हे टॉवेलला काय लागलं?'

मास्तरांनी पाहिलं. 'रंग सुटतोय लाद्यांचा. नव्या आहेत ना. दोन धुण्यांत जाईल.'

'ओला कसा मग?'

मास्तरांनी अंगठा लावला. रंग तपासायची त्यांची चाळीस वर्षांची पद्धत होती: अंगठा आणि तर्जनीत घ्यायचा, चोळायचा, उजेडाकडे धरायचा. त्यांनी तसं केलं. नजरेने रंगाची भेसळ ओळखणारा माणूस. ते उजेडाकडे बघतच राहिले. पुतळ्याची गोष्ट तिथेच राहिली.

काकी वाकल्या आणि टॉवेलकडे पाहून त्यांनी विचारलं, 'माझं आहे का ते?'

दारात राहिलेली छत्री कुणाची, असं विचारतात तसं.

डॉक्टरांकडे टाके पडले. घरी परतल्यावर ताई सांगत होत्या, की टाके घालताना काकी शेवटपर्यंत बघत होत्या आणि म्हणाल्या, 'डॉक्टर, तो तिसरा टाका जरा जवळ घ्या, कापड ओढल्यासारखं होतंय.' डॉक्टरांचा हात थांबला म्हणे. मग ते म्हणाले, 'आज दिसलं म्हणून. चार दिवस तसंच राहिलं असतं, तर पाय राहिला असता की नाही सांगता येत नाही.'

पाचची गाडी गेली होती. ताईंनी कपाट उघडलं आणि बॅग भरू लागल्या. मास्तरांनी अडवलं नाही. ते खाली बसले आणि लाद्यांच्या कडांवरून अंगठा फिरवत निघाले, रांगत, एकेका कडेवरून. ज्या ज्या जागी हातोडी मारली होती ती प्रत्येक जागा त्यांनी जवळून पाहिली. पहिल्यांदाच जवळून. माझ्यापाशी आले आणि त्यांचा अंगठा कापला.

'स्स!'

काकींनी खुर्चीतून मान वळवली. 'दुखलं?'

'हो.'

'किती?'

मास्तर अंगठा धरून बसले होते. थाप सुचत नव्हती. 'बरंच,' म्हणाले.

काकींनी त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग ताईंकडे न बघताच म्हणाल्या, 'ताई, बॅग ठेव खाली.'

'का?'

'मी जाऊन आले ना?'

'आलीस, पण ते रक्त...'

'रक्ताचं तू काही बोलली नव्हतीस. ओट्यापर्यंत जाऊन यायचं, एवढंच ठरलं होतं.'

ताईंच्या हातात काकींचा अर्धा घडी केलेला झगा होता. तो त्यांनी पुन्हा उलगडला.

'अहो,' काकी मास्तरांना म्हणाल्या, 'ही फरशी काढा. सगळी. पांढरी घाला, दवाखान्यात असते तसली. मला कळत नाही, निदान तुम्हाला तरी दिसू दे.'

'पण मग तुझं ते घर...'

'भिंतीवर समुद्र काढलाय तो असू दे. त्याच्यावर कुणी चालत नाही.'

महिनाभरात त्या एवढं सलग बोलल्या नव्हत्या. मास्तरांनी मान हलवली.

मिस्त्री पुन्हा आला. 'यांचे कोपरे कधी फोडायचे?' त्याने नव्या पांढऱ्या लाद्यांकडे बघून विचारलं. त्याला काय झालं ते ठाऊक नव्हतं. मास्तर पाठ फिरवून जुन्या लाद्या गोळा करू लागले, तेव्हा तोही कामाला लागला. ताई म्हणाल्या, 'मी हिला नेत नाही, पण पांढरी लागल्याशिवाय हलणारही नाही.' पाच दिवस सकाळी सहाला घरात रेडिओ वाजला. काकी उशीत तोंड खुपसून म्हणायच्या, 'अहो, लवकर बसवा हो ती फरशी.'

माझ्या बहिणी कुणाच्या तरी बागेत पायवाटेला गेल्या. तिथे उन्हात बऱ्या असतील. मला मात्र मास्तरांनी स्वतः छिन्नीने काढलं, अंगणातल्या दगडावर माझी धार घासून घासून बोथट केली आणि मागच्या दाराला टेकू म्हणून ठेवलं. काकींनी एकदा विचारलं, 'ती एक कशाला ठेवलीत?' मास्तर म्हणाले, 'दार आपटतं.' दार कधी आपटत नव्हतं.

काकींचे पाय अजून तसेच आहेत. डॉक्टरांचं 'कदाचित' अजून संपलेलं नाही. घर आता धड भूमध्य समुद्राचं नाही, धड दवाखान्याचं नाही. येणारे लोक खाली बघतात, वर बघतात आणि विषय बदलतात.

रोज दिवेलागणीला मास्तर स्टुलावर बसतात, चष्मा लावतात आणि काकींचे पाय मांडीवर घेतात. दिवसभरात त्यांनी दूधवाल्याला, शेजाऱ्याला, फोनवर ताईंना मिळून वीसेक थापा मारलेल्या असतात. या वेळी मात्र एकही नाही.

'डावा?'

'टाचेला भेग आहे, कालच्यापेक्षा जरा लांब. मलम लावतो.'

'उजवा?'

'चपलेच्या पट्ट्याचा वळ. बोटांमध्ये काही नाही. तळवा स्वच्छ.'

'नीट बघितलंत?'

'बोट फिरवून बघितलं.'

'मग ठेवा खाली.'

यात कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. भांडी घासावीत तसं ते चालतं. मी दारातून बघते.

आता माझं मागणं, मग तुम्ही सरळ उभे राहायला मोकळे. तुमच्या घरात कुणी 'मला काही होत नाही' म्हणणारं असेल, तर ते खोटं बोलतंय असं समजू नका. खरंच काही होत नसेल. म्हणूनच संध्याकाळी एकदा त्याचे पाय मांडीवर घ्या, दिवा जवळ ओढा आणि जवळून बघा. बाकी घर कुठल्या समुद्राकाठचं करायचं ते करा, कमानी काढा, कुंड्या ठेवा, माझ्या जातीच्या लाद्याही बसवा. आम्ही दिसायला देखण्या आहोत, त्यात थाप नाही.

त्या सकाळी घरात तिघं माणसं होती आणि तिघांनाही काही कळलं नव्हतं. कळलं होतं ते एकटीला, मला. मला तेव्हा सांगता आलं नाही. म्हणून आता, भेटेल त्याला वाकायला लावून सांगतेय.